रतनवाडी ते शेंडी: भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी पहिली लांब चाल

पहिल्यांदाच लांब चालायला निघालेला माणूस डोंगराला घाबरतो, तळ्याला नाही. आणि फसतो तो तळ्याकाठीच. मोठा चढ नाही, दम काढणारी खिंड नाही, एका बाजूला गार पाणी आणि पायाखाली डांबरी, मग यात अवघड ते काय? दुपारी एक वाजता, तळव्याला फोड आणि बाटलीत दोन घोट पाणी उरलेलं असताना त्याचं उत्तर कळतं.

भंडारदऱ्याचा जलाशय आधी नकाशावर नीट बघून घ्या. हे रंकाळ्यासारखं, एक चक्कर मारून घरी यावं असं तळं नाही. प्रवरेचं खोरं अडवून साठवलेलं हे पाणी आहे. डोंगरातून जिथं जिथं ओढा उतरतो तिथं तिथं ते आत शिरलंय, बोटं फाकवलेल्या पंजासारखं. रस्ता बिचारा प्रत्येक बोटाला वळसा घालत जातो. त्यामुळे समोरच्या काठावरचं झाड हाक मारली तर ओ देईल इतकं जवळ दिसतं, आणि त्याच्यापाशी पोचायला कधी अर्धा तास लागतो. होडीने शेंडीहून रतनवाडीकडे येणाऱ्याला जे अंतर किरकोळ वाटतं, तेच रस्त्याने १८ ते २० किलोमीटर भरतं. पाण्याकाठी चालताना डोळ्यांवर नाही, घड्याळावर विश्वास ठेवायचा. बाकी सगळं यातून येतं.

हा लेख रोज सकाळी दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या आणि चार-सहा मित्रमैत्रिणींबरोबर एक अख्खा दिवस चालून बघावं असं वाटणाऱ्यांसाठी आहे. गड चढणाऱ्या मुरलेल्या मंडळींना यातलं निम्मं पोरखेळ वाटेल. वाटू दे.

कुठून निघायचं आणि का

वाट अशी: रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल, मग धरण आणि शेंडी. जलाशयाचा हा दक्षिणेकडचा काठ. दिशा मात्र उलटी करू नका. शेंडीला लॉज आहेत, हॉटेलं आहेत, जीपा आहेत, म्हणून जवळपास सगळे तिथून निघून रतनवाडीला पोचायचा बेत करतात. आम्हीही पहिल्या वेळी तेच केलं. संध्याकाळी रतनवाडीत पोचलो तेव्हा परतीचं एकही वाहन नव्हतं आणि मोबाइलला रेंज नव्हती. एका मामांनी ओसरीवर जागा दिली, चुलीवरचं पिठलं वाढलं, पण घरी वाट बघणाऱ्यांना ‘सुखरूप आहोत’ एवढं कळवता कळवता दुसऱ्या दिवशीचे दहा वाजले.

तेव्हापासून नियम एकच: थकत जायचं ते वाहनाच्या दिशेने. रतनवाडीहून निघालात की तासातासाला तुम्ही वस्तीच्या, चहाच्या आणि जीपच्या जवळ जात असता. मध्येच कुणाला झेपेनासं झालं तरी शेंडीकडे जाणारी गाडी मागून येते, हात करता येतो. उलट्या दिशेने निघालात तर दर पावलाला मदत लांब जाते.

या दिशेने आणखी एक गंमत आहे. डाव्या हाताला पाणी राहतं, उजवीकडे डोंगर. वाहतुकीच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं असतं. म्हणजे तुम्ही आपोआप डोंगराच्या कडेला राहता आणि रस्त्यापलीकडे पाणी दिसत राहतं. सकाळी ऊन तोंडावर येतं खरं, पण तेव्हा ते कोवळं असतं. दुपारी कडक होतं तेव्हा पाठीवर गेलेलं असतं.

महिना कोणता

मध्य ऑक्टोबर ते जानेवारी. पावसाळ्याचे फोटो बघून जुलैत जायचा मोह होईल, तो पहिल्या चालीला आवरा. या भागात, विशेषतः घाटघरच्या बाजूला, महाराष्ट्रातला सर्वांत जास्त पडणाऱ्यांपैकी पाऊस पडतो. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच धुक्यातून गाड्यांची रांग येत असते. ओल्या मोज्यात वीस किलोमीटर म्हणजे फोडांना आमंत्रण. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला इथं काजवे बघायला झुंबड उडते. तो रात्रीचा सोहळा आहे, दिवसा चालायला तेव्हा ऊन फार.

ऑक्टोबरात मात्र सगळं जमून येतं. पाणी काठोकाठ, उतारांवर सोनकीचा पिवळा पट्टा अजून टिकून, आणि खाचरात भात पिवळं पडायला लागलेलं. नोव्हेंबरात कापणी, झोडणी सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दात वाजतील इतकी थंडी असते, पण आठ वाजल्यावर चालायला याहून चांगली हवा नाही. फेब्रुवारीनंतर पाणी उतरत जातं आणि काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या चिखलाबद्दल पुढे सांगतो.

शक्य असेल तर मधला वार निवडा. शनिवार-रविवारी तुम्ही तळ्याकाठी चालत नसता, वाहतुकीच्या कडेने चालत असता.

आधीचे सहा आठवडे

रोज तीन किलोमीटर चालणारा माणूस एका दिवसात वीस चालू शकतो. दम पुरतो. पुरत नाही ती तळव्याची कातडी आणि गुडघे. त्यांना सवय लागायला वेळ द्यावा लागतो, म्हणून दर रविवारी एक लांब फेरी मारा: पहिल्या रविवारी सहा किलोमीटर, मग आठ, दहा, बारा, चौदा. शेवटचा रविवार हलका ठेवा, पाच-सहा पुरे. चौदा जमले की वीस जमतात. उरलेले सहा गप्पांच्या जोरावर निघतात.

या फेऱ्या एकट्याने नकोत. ज्यांच्याबरोबर जायचंय त्यांच्याबरोबरच मारा, त्याच बुटात, तीच पिशवी पाठीला लावून. कोण चढावर गप्प होतो, कुणाला दर तासाला खायला लागतं, कोण ‘मी ठीक आहे’ म्हणत लंगडतो, हे सगळं घराजवळ कळलेलं बरं. आमच्या टोळीतली एक मैत्रीण पहिले पाच किलोमीटर सगळ्यांच्या मागे असते आणि शेवटच्या पाचात सगळ्यांच्या पुढे. हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. पहिल्या वेळी उगाच तिची पिशवी काढून घेऊन तिला रागावून ठेवलं.

पाय

इथं जरा थांबतो, कारण दिवस बिघडतो तो इथंच.

नवे बूट घालून निघू नका. ‘दुकानात तर छान बसले होते’ या वाक्यावर मी एकदा अख्खी संध्याकाळ अनवाणी काढली आहे. बूट किमान पन्नास किलोमीटर चाललेले हवेत. गडावर घालायचे जाड, टणक तळाचे बूट डांबरीवर जड पडतात, घोटे दुखायला लागतात. चालण्या-पळण्याचे साधे, मऊ तळाचे बूट इथं चांगले. ते नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे असले तर उत्तम. दुपारपर्यंत पाय सुजून थोडा मोठा होतो, आणि उतारावर अंगठा पुढे आपटत राहिला की नख काळं पडतं.

दोन दिवस आधी नखं कापा, आदल्या रात्री नको. जाड सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्यापेक्षा पातळ सिंथेटिक किंवा लोकरीचे बरे. सकाळी बोटांच्या बेचक्यांत, टाचेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन चोळा. मांड्या घासण्याबद्दल कुणी बोलत नाही, त्यामुळे दर वेळी कुणीतरी एक जण दुपारनंतर घोड्यावरून उतरल्यासारखा चालतो.

फोड एकदम येत नाही. आधी तिथं चटका लागल्यासारखं, गरम वाटतं. तेव्हाच थांबायचं. ‘पुढच्या वळणावर बघू’ नाही, तिथंच खाली बसून बूट काढायचा, खडा झटकायचा, पाय पुसून कोरडा करायचा आणि त्या जागी कागदी चिकटपट्टी, म्हणजे मेडिकलमध्ये मिळते ती मायक्रोपोर, सुरकुती न पडू देता लावायची. पाच मिनिटांचं काम. टोळीला पाच मिनिटं थांबवायची लाज वाटली तर पुढे सगळ्यांना तासभर थांबावं लागतं. फोड आलाच आणि फुटला नसेल तर तो फोडू नका. वरून झाका, मोजा बदला. मोज्यांचा दुसरा जोड पिशवीत सगळ्यांत वर ठेवा. जेवायच्या थांब्यावर मोजे बदलण्यात जे सुख आहे ते चालल्याशिवाय कळणार नाही.

पाठीवर काय

पाच किलोच्या वर काही नको, पाण्यासकट. प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्या, पण एकाच बाटलीत नाही. एक लिटरची एक बाटली हाताशी, बाकी आत. त्यातल्या एका लिटरात ओआरएसची पुडी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीसाठी चहाचा चमचा. वर लिंबू पिळलंत तर कुणी नको म्हणणार नाही. नुसतं पाणी पीत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, आणि दुपारी पोटरीत गोळे येतात. वाटेतल्या वाड्यांत हापसा किंवा नळ असतो. बाटली भरून मागितली तर कुणी नाही म्हणत नाही, पण उन्हाळ्याकडे झुकलेल्या महिन्यांत इथल्या बायका पाणी लांबून आणतात, एवढं ध्यानात ठेवा. एवढा मोठा जलाशय उशाशी, आणि तरी. बाहेरचं पाणी सोसत नसेल तर क्लोरीनचे थेंब जवळ असू द्या.

खाणं म्हणाल तर आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दिवसभर मऊ राहते, तिच्याबरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी. तिळाचे लाडू, चिक्की, खजूर, भिजवलेले चणे. वेफर्सची पाकिटं ओझ्याला हलकी पण पोटाला काहीच नाहीत, आणि रिकामं पाकीट उडून थेट पाण्यात जातं. केळी न्यायची तर सगळ्यांत वर ठेवा. हा सल्ला मी दर वेळी देतो आणि दर वेळी कुणाच्या तरी पिशवीत शिकरण होते.

बाकी रुंद कडेची टोपी, एक सुती पंचा (मानेवर, डोक्यावर, बसायला, पुसायला, एकच पुरतो), बॅटरी, शिट्टी, दुखऱ्या जागेचं मलम, स्वतःची औषधं, कचऱ्याला एक जाड पिशवी, आणि रोख पैसे, तेही सुटे. रेंज नसली की मोबाइलवरचे पैसे कागदावरच्या भाकरीसारखे. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. एक काठी जवळ असू द्या, कुत्र्यांसाठी आणि गवतात पाय टाकण्याआधी आपटायला. फुरसं आणि घोणस दोन्ही सह्याद्रीत आहेत. ती तुमच्या वाटेला येत नाहीत, तुम्ही लघवीला म्हणून त्यांच्या वाटेला जाता.

आदला दिवस

मुंबईकरांनी कसारा लोकलने कसारा किंवा गाडीने इगतपुरी गाठावी, तिथून घोटीमार्गे शेंडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असं यावं लागतं. शेंडीत दुपारी पोचलात तर लगेच दोन कामं करा. रतनवाडीला सोडणारी जीप ठरवा, आणि रतनवाडीत मुक्कामाचा फोन लावा. गावात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय बऱ्याच घरांत होते. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ साली जाहीर झालेल्या. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं. पावती सांभाळून ठेवा.

जीपमधून जाताना उद्याची वाट डोळ्यांखालून जाते. गप्पा थोड्या आवरा आणि बघून ठेवा: सावलीची झाडं कुठं, दुकान कुठं, पाण्याचा लांब वळसा कुठला. गाडीचा मीटर बघून वाड्यांमधली अंतरं एका कागदावर टिपा. उद्या दुपारी ‘अजून किती राहिलं?’ या प्रश्नाला कुणी ‘आलंच की’ म्हणू लागला की हा कागद काढायचा.

मुक्कामाच्या घरी मावशींना रात्रीच सांगून ठेवा की पहाटे सहाला चहा आणि पोहे लागतील, आणि बरोबर न्यायला भाकऱ्या. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून मिळतो. पैसे विचारून, घासाघीस न करता द्या. शहरातल्या एका कॉफीच्या भावात इथं पोटभर जेवण निघतं आणि तरी माणसं दहा रुपयांसाठी वाद घालताना मी बघितली आहेत.

पहाट

साडेसहाला देवळापाशी या. अमृतेश्वराचं हे देऊळ शिलाहार काळातलं मानतात. काळ्या दगडाचं, अंगभर कोरलेलं, आणि मागे थेट रतनगडाचा डोंगर. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. शेजारच्या पुष्करणीत कोनाड्याकोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. प्रवरेचा उगम याच रतनगडाच्या अंगावर, म्हणजे दिवसभर जे पाणी तुमच्या डाव्या हाताला असणार आहे ते इथूनच निघालेलं. देवळाला वीस मिनिटं द्या. घाईने फोटो काढून पळण्यासारखं हे ठिकाण नाही. पण वीसच. सातला पहिलं पाऊल पडलं नाही तर दुपारी भुर्दंड बसतो.

निघताना खांदे, घोटे, पोटऱ्या जरा मोकळ्या करा. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. थंडीने सगळ्यांना पळावंसं वाटतं, आणि सकाळी पळालेले दुपारी बसलेले सापडतात.

चाल

ताशी साडेचार किलोमीटर ही मोकळी, गप्पा मारत जायची चाल. त्या हिशेबाने १९ किलोमीटरला सव्वाचार तास. थांबे, जेवण, फोटो आणि ‘अरे तो पक्षी बघ’ धरून सात ते आठ तास. सातला निघालात की तीनच्या आसपास धरण. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे हाताशी तीनेक तास शिल्लक राहतात. ती शिल्लक खर्च करायला नाही, अडचणीला आहे.

टोळीत दोन माणसं नेमा, एक पुढचा आणि एक मागचा. पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही, मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढच्याच्या लगेच मागे ठेवा, म्हणजे त्याची चाल सगळ्यांची होते. त्याला शेवटी टाकलात तर तो विसाव्याला पोचेपर्यंत बाकीच्यांचा विसावा संपलेला असतो आणि त्याला विसावा असा मिळतच नाही. लांब चालींतले निम्मे रुसवे इथून सुरू होतात.

विसावा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. एवढ्या माणसांना एवढं अंतर चालवायचं शास्त्र आपल्याकडे वारीने पिढ्यान्‌पिढ्या घोटून ठेवलंय. माउलींच्या पालखीचा पुण्याहून सासवडचा टप्पा तीस किलोमीटरच्या वर जातो, त्यात दिवे घाट, आणि त्यात सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात. त्या काही व्यायामशाळेत जात नाहीत. त्यांच्या दिवसात विसावे ठरलेले असतात, दुपारचं जेवण ठरलेलं असतं, आणि कुणी कुणाला मागे टाकून पुढे धावत नाही. तेच इथं करा: पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं विसावा, थकवा आला असो वा नसो. विसाव्याला बूट सैल करा, पाय पिशवीवर उंच ठेवा, दोन घास खा, पाणी प्या. दहा मिनिटांच्या वर बसलात की अंग आखडतं.

कोलटेंभ्यापर्यंतचा पट्टा दिवसातला सर्वांत सुंदर. पाण्यावर धूर सुटावा तशी वाफ असते, मागे वळून बघितलं की रतनगडाचा कडा आणि त्याच्याशेजारी अंगठ्यासारखा खुट्टा, उजवीकडे कात्राबाईची रांग. इथं फोटोंना वेळ द्या, दुपारी कुणालाच कॅमेरा काढावासा वाटत नाही. ऊन वर आलं की पाण्यापलीकडे कळसूबाईची रांग स्पष्ट होते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच टोक. ते ओळखण्यावरून तुमच्यात वाद होणारच, कारण रांगेत प्रत्येकाला दुसरंच टोक उंच वाटतं.

आता पाण्याचे वळसे. पहिल्या बोटाशी पोचलात की कुणीतरी हमखास म्हणणार: रस्त्याने एवढं फिरण्यापेक्षा खालून काठाकाठाने कापून जाऊ. नाही जायचं. उतरलेल्या पाण्याने उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत घेतो. पोहायलाही उतरू नका. हा पाण्याखाली गेलेल्या खोऱ्याचा उतार आहे, तळ कुठं तुटतो ते वरून कळत नाही. पाय भिजवायचे असतील तर एखाद्या ओढ्याच्या पुलाखाली, घोटाभर पाण्यात, दिवसातून एकदा. मग पाय पूर्ण कोरडे करूनच मोजे चढवा.

रस्त्याने दोघादोघांनी हात पसरून चालू नका, वळणावर एकामागोमाग एक व्हा. कानांत गाणी नकोत, गाडी ऐकू यायला हवी. कड्यांना आणि उंच झाडांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. दिसली की आवाज बंद, धूर नाही, अत्तर नाही, फोटोसाठी जवळ जाणं नाही, चालत राहायचं.

बाराच्या सुमाराला, जिथं असाल तिथल्या झाडाच्या सावलीत जेवा. पाऊण तास धरा. हिरड्या-बेहड्याची झाडं या भागात पुष्कळ आहेत, आणि इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना हिरडा वेचून चार पैसे मिळतात, म्हणून झाडाखालची फळं खेळ म्हणून तुडवू नका. कुणाच्या खाचराच्या बांधावर बसायचं असेल तर समोर माणूस दिसल्यास विचारा: ‘दादा, घटकाभर बसू का इथं?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘बसा की, घरीच या ना चहाला.’ गेलात तर अर्धा तास जातो. जा.

मुतखेलच्या पुढे

जेवणानंतरचा दीड तास वाईट. ऊन डोक्यावर, पोट जड, गप्पा संपलेल्या, आणि पाणी अजून तसंच डाव्या हाताला, जणू आपण जागचे हललोच नाही. इथं कुणीतरी चिडणार. जो सकाळी सर्वांत मोठ्याने हसत होता तोच बहुधा. त्याला समजावू नका, लाडू द्या. या तासात पाणी तहान लागायच्या आधी प्या, डोक्यावरचा पंचा ओला करा.

खरी काळजी कशाची करायची तेही सांगतो. घाम येणं थांबलं, डोकं दुखतंय, मळमळतंय, बोलणं तुटक झालंय, तर हा नुसता थकवा नाही, ऊन लागलंय. लगेच सावली, कपडे सैल, मानेला-काखेला ओलं फडकं, घोटघोट मीठ-साखरेचं पाणी, आणि पहिल्या वाहनाने शेंडी, गरज पडली तर तिथून पुढे राजूर. त्याच्याबरोबर एक जण जाईल, तो कोण हे सकाळीच ठरवलेलं असावं. गुडघा किंवा घोटा बोचून दुखायला लागला तरी हेच. गाडीत बसणाऱ्याला घरी परतल्यावर चिडवायचं नाही, हे मात्र तोंडी कबूल करून घ्या, आमच्यात ते वर्षभर चाललं.

धरण जवळ येऊ लागतं तसा रस्ता बदलतो. टपऱ्या, पाट्या, कणसं भाजणारे, तंबूंच्या जाहिराती. आता बूट पुन्हा घट्ट बांधा, उतारावर अंगठे वाचतील. भिंत दिसल्यावरही घड्याळ बघा. दिसली म्हणजे आली असं नाही, सकाळपासून हेच चाललंय.

ही भिंत दगडी बांधकामाची, सुमारे ८२ मीटर उंच. १९२६ साली मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. मागच्या पाण्याचं नाव आर्थर लेक. गावची माणसं दोन्ही नावं घेत नाहीत, ‘धरण’ आणि ‘पाणी’ एवढंच म्हणतात. साठा ११ हजार दशलक्ष घनफुटांच्या जरा वर, म्हणजे वर्तमानपत्री भाषेत अकरा टीएमसी. प्रवरेच्या कालव्यांनी ते खाली अकोले, संगमनेर, श्रीरामपूरकडच्या उसाला जातं. सकाळी देवळामागे उगम पावलेली नदी इथं भिंतीतून पुन्हा नदी होते, पुढे रंध्याला कोसळते आणि शेवटी प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तुम्ही तिच्या वाटेतले जेमतेम वीस किलोमीटर चाललात.

शेंडीत पोचल्यावर

लगेच खुर्चीत कोसळू नका. आणखी पाच मिनिटं हळू चाला, पोटऱ्या ताणा, मग बूट काढा. भिंतीला टेकवून पाय दहा मिनिटं वर करा. गरम पाणी मिळालं तर उत्तम, पण फोड आले असतील तर त्यांना आधी गार पाणीच. चपला आधीच गाडीत किंवा लॉजवर ठेवलेल्या असाव्यात. घरी ‘पोचलो’ म्हणून फोन, मग चहा, मग जेवण. मासे खाणाऱ्यांना धरणातला मासा ताजा मिळतो. वीस किलोमीटर चाललेल्या माणसाने तिखटाला घाबरू नये.

त्या दिवशी रात्री स्वतः गाडी चालवत मुंबई-पुणं गाठायचा बेत करू नका. घोटीपुढे महामार्गावर पेंगणारा चालक हा या अख्ख्या दिवसातला सर्वांत मोठा धोका आहे, फुरशापेक्षा मोठा. शेंडीला राहा नाहीतर ताजातवाना चालक बोलवा.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंब मारतील. उलटं, कठड्याला धरून उतरा. तिसऱ्या दिवशी दोन किलोमीटर हळू चाला, अंग मोकळं होतं. आणि चौथ्या दिवशी टोळीतला कुणीतरी फोन करून विचारेल की पलीकडचा काठ राहिला ना. राहिला आहे: शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरचा कोकणकडा, मग साम्रद, आणि पुन्हा रतनवाडी. तो एका दिवसाचा नाही, निदान दोन दिवसांचा. मुक्काम साम्रदला करा, आणि त्याच्या आधीच्या रविवारच्या फेऱ्या चौदावर थांबवू नका, अठरापर्यंत न्या.